वर्गात टीव्ही-मोबाईल वापरायचाय? आधी अंदाज, मग प्ले

शाळेत टीव्ही आला, कुठे प्रोजेक्टर आला, कुणी दानशूर माणसाने टॅबलेट दिले, कुठे भिंतीवर मोठं पॅनल बसलं, फीत कापली, फोटो गृपवर पडले, आणि मग जून उजाडला की प्रश्न पडतो, आता ह्याचं करायचं काय. बऱ्याच ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं. शेवटच्या तासाला कवितेचा व्हिडिओ लावायचा, पोरं चूप बसतात, तेवढ्यात सरांचं ऑनलाईन माहिती भरायचं काम उरकतं. मी नावं ठेवत नाही भो, ते माहिती भरणं कुणालाच चुकलेलं नाही, फक्त त्याला शिकवणं म्हणू नका म्हणजे झालं.

खाली जे लिहितोय ते आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या साध्या शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. म्हणजे एक टीव्ही, सरांचा स्वतःचा मोबाईल, त्याच्यातलंच नेट, जमलं तर एखादा जुना लॅपटॉप, वर्गात चाळीसेक पोरं आणि लाईटीचा काही भरवसा नाही. तुमच्याकडे ह्यापेक्षा जास्त असेल तर आनंद आहे, पण जास्त वस्तूंनी जास्त शिकणं होतंच असं काही दिसलेलं नाही. २०१५ साली ओईसीडी ह्या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेने एक अहवाल काढला होता, ज्या देशांनी शाळांमधल्या कॉम्प्युटरवर भरपूर पैसा ओतला त्या देशांतल्या पोरांच्या वाचन, गणित, विज्ञानात पिसा ह्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत काही ठळक सुधारणा दिसली नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तेव्हा पॅनल नाही म्हणून कुढत बसू नका.

पहिलं काम कागदावरचं. तासाच्या शेवटी पोराला काय करता आलं पाहिजे ते एका वाक्यात लिहा, पाठाचं नाव लिहू नका. "विद्युतधारा समजेल" हे वाक्य कामाचं नाही, ते समजलं की नाही हे तपासणार कसं? "दोन बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले की उजेड का कमी होतो ते पोरगं स्वतःच्या शब्दात सांगेल", हे चालेल. आता हे खडू-फळ्यावर, वहीत, किंवा खऱ्या वस्तूने होतंय का बघा. होत असेल तर टीव्ही बंदच राहू द्या, बिनधास्त.

माझ्या मते स्क्रीन चालू करायला तीनच कारणं पुरेशी आहेत. डोळ्याला एरवी दिसत नाही असं काही ती दाखवते. पोराला स्वतःचं बोलणं-वाचणं परत ऐकता येतं. किंवा आत्ता ह्या मिनिटाला किती जणांच्या डोक्यावरून गेलंय ते तुम्हाला कळतं. ह्या तिन्हीपैकी एकही नसेल तर ते मनोरंजन आहे, तेही शनिवारी असावं, पण त्याचं टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, काढायची गरज नाही.

कपाशीचंच घ्या. फुलाचे भाग शिकवायला यूट्यूब लावणारे लोक आहेत आणि शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशीचं वावर उभं असतं! फूल तोडून आणा, ब्लेडने उभं कापा, झालं. पण तेच फूल पहिल्या दिवशी दुधी-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग गळून खाली बोंड धरतं, हा बदल पोरं रोज वावरात जाऊनही नीट बघत नाहीत, कारण कालचं फूल आज कोणतं ते लक्षात राहत नाही. इथे मोबाईल काढा. फांदीला लाल दोरा बांधा, रोज त्याच वेळी त्याच बाजूने एक फोटो, बोंड फुटेपर्यंत. मग सगळे फोटो ओळीने टीव्हीवर सरकवत न्या. ही गोष्ट खडूने होत नाही, नुसत्या डोळ्यानेही होत नाही. आणि ह्याला नेटही लागत नाही.

प्ले दाबायच्या आधीची दोन मिनिटं

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. व्हिडिओ किंवा सिम्युलेशन (स्क्रीनवर हाताळता येणारा नकली प्रयोग) सुरू करायच्या आधी पोरांकडून वहीत अंदाज लिहून घ्यायचा. तोंडी नाही, लेखी. तोंडी घेतला की पहिल्या बाकावरचे दोघं बोलतात आणि बाकीचे "हो सर" म्हणतात.

विजेचा पाठ बघू. फेट नावाची सिम्युलेशन अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाने बनवली आहेत, २००२ साली कार्ल वायमन ह्या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने हे काम सुरू केलं, सगळं फुकट आहे आणि बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. त्यात सर्किट जोडायचं एक आहे, बॅटरी, बल्ब, वायर ओढून आणायची आणि जोडायचं. फाईल आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवली की नेट नसतानाही ब्राउझरमधे चालते.

आता तास असा घ्या. एक बॅटरी, एक बल्ब जोडून दाखवा, बल्ब पेटला. मग फळ्यावर दोन बल्बची एकसर जोडणी खडूने काढा, स्क्रीनवर नको, आणि विचारा, बॅटरीजवळचा पहिला बल्ब जास्त पेटेल, दुसरा जास्त पेटेल, की दोन्ही सारखे? वहीत लिहा आणि का ते पण लिहा. बरीच पोरं पहिला जास्त पेटेल म्हणतात, कारण "करंट आधी त्याच्याकडे जातो, उरलेला दुसऱ्याला भेटतो". हे उत्तर चुकीचं आहे पण त्यात डोकं लावलेलं आहे, त्यामुळे लगेच "चूक" म्हणू नका. हात वर करायला सांगून तिन्ही गटांचा आकडा फळ्यावर लिहा. आता एका पोरीला माऊस द्या, तुम्ही मागे जाऊन उभे राहा, आणि तिला जोडू द्या. दोन्ही बल्ब सारखे पेटतात आणि दोन्ही मंद. वर्गात जो आवाज होतो ना तो शिकण्याचा आवाज असतो, दोन मिनिटं होऊ द्या.

मग करंट मोजणारा अॅमीटर लावायला सांगा. त्यात बॅटरी ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा आधीच ठरलेला असतो, त्यामुळे एका बल्बला ०.९ अँपिअर दिसेल आणि दोन एकसर जोडले की ०.४५, अॅमीटर पहिल्या बल्बच्या आधी लावा, मधे लावा, नंतर लावा, सगळीकडे ०.४५ च. "उरलेला करंट" ही कल्पना तिथेच संपते, तुम्हाला एक शब्द बोलावा लागत नाही. त्याच आकड्यांवर ओहमचा नियम (व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर) वहीत सोडवून घ्या. समांतर जोडणीचं पुन्हा तसंच, आधी अंदाज, मग माऊस.

आणि हो, हे झाल्यावर खरे सेल, खरे बल्ब टेबलावर काढा. खऱ्या सेलमधे आकडे इतके गुळगुळीत येत नाहीत, बल्ब एकसारखे नसतात, वायर सैल असते, आणि तेही पोरांना कळलंच पाहिजे. सिम्युलेशन बघून प्रयोग झाला असं समजणारे आहेत, त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही.

तापी पश्चिमेला का जाते

भूगोलाला गूगल अर्थ वापरा पण "बघा रे पृथ्वी कशी फिरते" असं नको, पोरं फिरवतच राहतात. आधी कोऱ्या कागदावर तापी काढायला सांगा, कुठून येते, कुठे जाते, बाण दाखवा. भुसावळच्या पुलावरून शंभरदा गेलेलं पोरगंही बाण उलटा काढतं. मग कोडं घाला, गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, समुद्र तिथून पश्चिमेला एवढा जवळ, तरी ती पूर्वेला निघून जाते, आणि आपली तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर चालत पश्चिमेला सुरतजवळ समुद्राला मिळते, असं का?

आता लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडा, कर्सर जिथे न्याल तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची खाली कोपऱ्यात दिसते. मुलताई, बऱ्हाणपूर, चांगदेवचा तापी-पूर्णा संगम, भुसावळ, प्रकाशा, सुरत, एकेका पोराने पुढे येऊन नदीवर कर्सर ठेवायचा, उंची मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी वहीत लिहायची. मुलताईला साधारण ७५० मीटर दिसेल आणि पुढे उतरत उतरत समुद्राशी शून्याजवळ. आलेख मात्र वहीतच काढायचा, पेन्सिलने, लॅपटॉपने काढून देऊ नका. आलेख झाला की स्क्रीन तिरपी करा, उत्तरेला सातपुडा उभा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधे लांबच लांब खोलगट पट्टा. खचदरी, म्हणजे जमीन खचून झालेली दरी, हा शब्द आता सांगा, आधी सांगितला असता तर नुसता पाठ झाला असता.

गूगल अर्थमधेच टाईमलॅप्स आहे, १९८४ पासूनचे उपग्रहाचे फोटो वर्षावार सरकतात. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ मधे सुरू झाला, त्या जागेवर जाऊन वर्ष सरकवा, उघड्या माळावर निळसर चौकोन उगवताना दिसतात. नंदुरबारकडच्यांनी अक्राणी-अक्कलकुव्याच्या उत्तरेची नर्मदा बघावी, सुरुवातीला बारीक रेघ आणि नंतर सरदार सरोवराचं पाणी खोऱ्याखोऱ्यांत शिरलेलं. पण इथे जरा जपून. तळोदा-शहाद्याकडे तुमच्या वर्गात पुनर्वसन झालेल्या घरातली पोरं असू शकतात, त्यांच्या आजा-आजीचं घर त्या पाण्याखाली आहे. आधी घरच्यांशी बोला, आणि त्यांच्यातलं कुणी वर्गात येऊन सांगायला तयार असेल तर तास त्यांनाच द्या, स्क्रीन मागे नुसती चालू राहू द्या.

टाईमलॅप्सला नेट लागतं. म्हणून आदल्या दिवशी घरी स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

कोणाला कळलं नाही ते कळण्यासाठी

"समजलं का?" ह्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, "हो सर". ते विचारणं सोडा. प्लिकर्स नावाचं अॅप आहे, त्यात पोरांकडे मोबाईल लागत नाही, छापलेली कार्डं लागतात. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी नक्षी आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. पोराने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं, तुम्ही मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुणी काय उत्तर दिलं ते तुमच्या स्क्रीनवर येतं. अक्षर बारीक आणि नक्षी सगळ्यांची वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही फायदा नाही. साधा ४० कार्डांचा संच साईटवरच मिळतो, जाड कागदावर प्रिंट मारा, आणि लॅमिनेट करणार असाल तर चकचकीत नको, खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला वाचता येत नाही. यादीत पोरांची नावं टाकायची गरज नाही, हजेरी नंबर टाका.

पण सगळा खेळ प्रश्नाचा आहे, अॅपचा नाही. चुकीचे पर्याय असे पाहिजेत की प्रत्येकाच्या मागे एक ठरलेली चूक असली पाहिजे. दशांश अपूर्णांकात विचारा, ०.५, ०.३५, ०.२७५ ह्यात मोठी संख्या कोणती. जो ०.२७५ म्हणतो तो आकडे मोजतोय, जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या, दशांशचिन्ह त्याला दिसतच नाहीये. त्याला पुन्हा सगळा पाठ शिकवायची गरज नाही, स्थानिक किमतीचा तक्ता काढून दिला की बास.

उत्तरं आल्यावर काय करायचं? जवळजवळ सगळ्यांचं बरोबर असेल तर पुढे चला, उगाच घोळवू नका. फार थोड्यांचं बरोबर असेल तर तुम्हालाच वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल. मधलं असेल, साधारण तीस ते सत्तर टक्के, तर उत्तर सांगायचं नाही, शेजारच्याला पटवून द्या म्हणायचं, दोन मिनिटांनी पुन्हा कार्डं वर. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच करत आलेत. तिथे चालतं तसं पारोळ्यालाही चालतं, कारण पोराची भाषा पोराला पटकन कळते, आणि ती चर्चा अहिराणीत झाली तर होऊ द्या, अजिबात टोकू नका.

ज्या दिवशी नेट नाही त्या दिवशी चार रंगांचे कागदाचे तुकडे. तेवढंच काम होतं, फक्त नोंद राहत नाही.

वाचन आणि रेकॉर्डर

ह्यासाठी कुठलंही अॅप उतरवू नका, मोबाईलमधे जो व्हॉईस रेकॉर्डर असतो तो पुरे. तिसरी-चौथीच्या पोराला एक परिच्छेद वाचायला द्या, रेकॉर्ड करा, कोपऱ्यात बसून त्याला ऐकवा आणि त्यालाच विचारा, कुठे अडखळलास? पोरं स्वतःवर फार कडक असतात. मग तोच परिच्छेद दोन दिवस घरी, आणि पुन्हा रेकॉर्ड. दोन्ही लागोपाठ ऐकवले की तुम्हाला शाबासकी द्यायची पण गरज पडत नाही. घरी अहिराणी, पावरी, भिली बोलणाऱ्या पोरांना ह्याचा फार उपयोग होतो, वर्गासमोर उभं राहून वाचायची जी लाज असते ती इथे नसते.

वाचायला साहित्य नाही म्हणत असाल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साईट आहे, २०१५ पासून, मराठी गोष्टींची चित्रांची पुस्तकं पीडीएफमधे फुकट मिळतात, आणि परवाना खुला असल्याने पोरांनी आपल्या बोलीत भाषांतर केलं तरी चालतं. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन केले की दीक्षा ह्या सरकारी शैक्षणिक साईटवरचं साहित्य उघडतं. त्यात चांगलंही आहे, कंटाळवाणंही आहे, आदल्या दिवशी स्वतः पूर्ण बघितल्याशिवाय वर्गात लावू नका, आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ असेल तर तीनदा थांबवायचा, प्रत्येक थांब्याला एक प्रश्न. भूमितीला जिओजेब्रा, आकाशाला स्टेलेरियम, ही दोन्ही फुकट आहेत आणि वापरायची रीत वर विजेची सांगितली तीच.

बारीकसारीक, पण इथेच तास बुडतो

सगळं आदल्या दिवशी उतरवून पेनड्राईव्हमधे ठेवा आणि त्याच टीव्हीवर एकदा लावून बघा, कारण लॅपटॉपवर चालणारी फाईल टीव्ही कधीकधी ओळखतच नाही, साधी एमपीफोर असली तर शक्यतो अडत नाही. टाईप केलेला मजकूर युनिकोडमधेच ठेवा, जुन्या कृतीदेव-श्रीलिपी फॉन्टात केलेली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसत्या टिंब-टिंब-आकडे-चिन्हं. टीव्हीचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही, एखादा ब्लूटूथ स्पीकर मागे ठेवा. मार्चनंतर सकाळची शाळा असते तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून थेट स्क्रीनवर ऊन येतं, खोक्याचा पुठ्ठा लावा, पडद्याची वाट बघू नका. रिमोटचे सेल कपाटात जास्तीचे ठेवा आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका, ते रजेवर असले की संपलं. आणि लाईट गेली तर काय, हे टाचणातच एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे पोरं ओरडायच्या आत तुम्ही फळ्याशी असता.

टॅबलेट पाच पोरांत एक असेल तर दर पाच मिनिटांनी हात बदलायचे आणि ज्याच्या हातात टॅब नाही त्याच्या हातात पेन पाहिजे. नाहीतर एक जण चालवतो, चार जण "मला दे, मला दे".

चॅटजीपीटी, जेमिनी हे पण आता सगळेच वापरतात. माझं मत विचाराल तर ते सरांनी वापरावं, पोरांच्या हातात देऊ नये. चॅटजीपीटीच्याच अटींमधे तेराच्या खालच्यांना परवानगी नाही आणि अठराच्या आतल्यांना पालकांची संमती लागते. तुम्ही त्याच्याकडून प्रश्नाचे चुकीचे पर्याय काढून घ्या, "पाचवीच्या पोराची दशांश अपूर्णांकात होणारी चूक गृहीत धरून तीन पर्याय दे" असं सांगितलं की दहात तीन-चार बरे निघतात. पण प्रत्येक उत्तर बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून बघा, ते चुकीचंही इतक्या आत्मविश्वासाने सांगतं की वाटतं आपणच चुकलो. आणि पोरांची नावं, मार्क, फोटो तिथे टाकायचे नाहीत.

फोटोवरून आठवलं. तास घेतला की लगेच पोरांच्या चेहऱ्यांसकट स्टेटस, हे थांबवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, अडखळत वाचणाऱ्या पोराचा व्हिडिओ गावभर फिरला तर ते पोरगं परत वाचेल का? फोटो पाहिजेच असेल तर वहीचा काढा, हातांचा काढा.

घरच्या अभ्यासाचं शेवटी. वेचणीच्या दिवसांत घरातला मोबाईल वडिलांच्या खिशात वावरात जातो आणि अंधार पडल्यावर परत येतो, रिचार्ज संपलेला असतो ते वेगळंच. त्यामुळे व्हॉट्सअपवर लांब व्हिडिओ टाकून "सर्वांनी बघणे" लिहायला अर्थ नाही. संध्याकाळी साडेसातनंतर एक मिनिटाचा तुमच्या आवाजातला ऑडिओ टाका, त्यात एकच प्रश्न, असा की आई-बापाला, आजीला विचारून उत्तर मिळेल, उदाहरणार्थ आपल्या विहिरीला पाणी किती फुटांवर आहे आणि दहा वर्षांपूर्वी किती होतं. ऊसतोडीला बाहेरगावी गेलेल्या घरांनाही तो पोचतो आणि डेटा फारसा जात नाही. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांना प्रश्न शाळा सुटताना तोंडी सांगा. उत्तरं मात्र सकाळी वहीतच बघा, मोबाईलवर मागवू नका, नाहीतर रात्री दहाला चाळीस आडवे-तिडवे फोटो झूम करत बसाल.